काउबॉय बीबॉप की प्लॅनेटीस: एकच बघायची असेल तर

अवकाशात घडणारी एकच अ‍ॅनिमे मालिका बघायला वेळ आहे आणि यादी गाळता गाळता गाडी ‘काउबॉय बीबॉप’ आणि ‘प्लॅनेटीस’ या दोन नावांवर अडली आहे, अशांसाठी हे लिहितोय. दोन्ही मालिका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत आणि दोन्ही मला मनापासून आवडतात. तरीही कुणी विचारलं तर आता माझ्या तोंडून एकच नाव आधी येतं. ते का, हे सांगायचंय.

वरवर पाहिलं तर दोन्हींत निवड करावी असा फरकच दिसत नाही. दोन्ही सनराइज स्टुडिओच्या, दोन्ही २६ भागांच्या. एक घडते २०७१ मध्ये, दुसरी २०७५ मध्ये. ज्या स्टुडिओचं नाव घेतलं की महाकाय रोबो आठवतात, त्याच स्टुडिओने इथे रोबो बाजूला ठेवून पोटापाण्यासाठी राबणारी माणसं उभी केली आहेत. बीबॉपमधली मंडळी फरार गुन्हेगारांना पकडून इनामावर जगतात आणि बहुतेक वेळा उपाशी असतात. प्लॅनेटीसमधली मंडळी पृथ्वीभोवती फिरणारा कचरा गोळा करतात. ज्या कंपनीत ते नोकरी करतात, तिथे त्यांच्या विभागाला कुणी हिंग लावून विचारत नाही. विश्व वाचवायला जन्मलेला नायक दोन्हींत नाही, आणि मला हीच गोष्ट दोन्हींकडे ओढून घेते.

बीबॉपबद्दल आधी बोलतो, कारण बहुतेकांनी तिचंच नाव ऐकलेलं असतं. १९९८ ची मालिका, दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे. सुरुवातीला पैसे घालणाऱ्या खेळणी कंपनीची एकच अट होती, की मालिकेत अवकाशयानं हवीत. बाकी काय वाटेल ते करा. त्या मोकळीकीचा या लोकांनी जो उपयोग केला त्याला तोड नाही. पहिल्याच भागात स्पाइक आणि जेट ढोबळी मिरची आणि बीफ खायला बसतात आणि ताटात बीफच नसतं. एवढ्या एका प्रसंगातून त्या यानावरची सगळी आर्थिक परिस्थिती कळते. संगीत योको कान्नो यांचं. सुरुवातीचं ‘टँक!’ वाजलं की मी आजही हातातलं काम सोडून ते पूर्ण ऐकतो. काही प्रसंगांत संगीत आधी सुचलं असावं आणि चित्र मागून आलं असावं असं वाटतं.

आणि हळवेपणा. अठराव्या भागात त्याच यानावरच्या फे नावाच्या तरुणीला एक जुनी बीटामॅक्स व्हिडिओ टेप मिळते. ती चालवायला यंत्र शोधण्यापासून सगळी धडपड होते आणि शेवटी पडद्यावर दिसते ती तिचीच लहानपणची मूर्ती, तिला स्वतःला न आठवणारी. चोविसाव्या भागात जेट आणि स्पाइक उकडलेली अंडी खात बसतात, एकामागून एक, एक शब्द न बोलता. का, ते सांगत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांचा तो क्षण मी हिरावून घेणार नाही. अ‍ॅनिमेत निरोप याहून चांगला दाखवलेला मी तरी पाहिलेला नाही.

म्हणजे बीबॉपमध्ये खोट काढायची म्हटली तर कष्ट घ्यावे लागतात. प्लॅनेटीसमध्ये मात्र खोट पहिल्या अर्ध्या तासातच सापडते. नवी रुजू झालेली आइ तानाबे प्रत्येक प्रश्नावर ‘प्रेम’ हे उत्तर घेऊन भांडते, तेही मोठ्या आवाजात. विभागाचे साहेब आणि त्यांचा उजवा हात यांचे विनोदी प्रकार पहिल्या काही भागांत फार ताणले आहेत. सुरुवातीचे भाग संथ आहेत आणि बीबॉपची शान त्यांत अजिबात नाही. नायक हाचिमाकी तर पहिल्या भागात डायपर घालून समोर येतो, कारण अवकाशसूटमध्ये तासनतास काम करणाऱ्याला ते घालावंच लागतं. बीबॉप बघून आलेल्या माणसाला इथे उतरल्यासारखं वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही.

पण तो डायपरच मला पुढे महत्त्वाचा वाटायला लागला. माकोतो युकिमुरा यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, गोरो तानिगुची यांनी २००३-०४ मध्ये केलेली ही मालिका अवकाशात काम करणं म्हणजे काय, हे शरीरापासून दाखवते. निर्वातात आवाज नाही, म्हणून यानाबाहेरच्या प्रसंगांत आपल्याला ऐकू येतो तो फक्त सूटमधला श्वास आणि रेडिओवरचं बोलणं. किरणोत्सर्गाने माणसं आजारी पडतात. चंद्रावर जन्मलेली नोनो नावाची मुलगी बारा वर्षांचीच, पण कमी गुरुत्वाकर्षणात वाढल्यामुळे उंचीने मोठ्या बाईएवढी. ती पृथ्वीवर कधी येऊ शकणार नाही, आणि तरी खूश आहे. आणि ऑफिस! कायम नोकरीवाले, कंत्राटी एडेलगार्ड, वरच्या मजल्यावरचे आणि तळघरातले, बजेटची कात्री. अ‍ॅनिमे म्हटलं की नाक मुरडणारी माझ्या ओळखीतली मोठी माणसं बीबॉपच्या संगीतासाठी थांबली, पण प्लॅनेटीसमधल्या ऑफिसच्या राजकारणावर त्यांनी स्वतःहून गप्पा सुरू केल्या.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला, ती सांगतो. ती गोष्ट म्हणजे एक फ्रिज.

बीबॉपचा अकरावा भाग खूप जणांच्या आवडीचा आहे, माझ्याही होता. यानावर काहीतरी अज्ञात प्राणी फिरतोय, एकेकाला चावतोय, एकेक जण आडवा होतोय. उलगडा होतो तो कोपऱ्यात विसरलेल्या एका फ्रिजपाशी. आतलं जिन्नस वर्षभर तसंच राहिलेलं. मग स्पाइक काय करतो? तो फ्रिज ओढत नेतो आणि यानाबाहेर, सरळ अवकाशात, ढकलून देतो. मागे चायकोव्हस्कीचा वॉल्ट्झ वाजतो आणि फ्रिज गिरक्या घेत अंधारात निघून जातो. दृश्य अप्रतिम आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

प्लॅनेटीस बघून झाल्यावर तोच भाग पुन्हा लावला आणि त्या फ्रिजपाशी अडकलो. आता हा जाणार कुठे? प्लॅनेटीसच्या अगदी सुरुवातीला, २०६८ सालच्या प्रसंगात, एक सुटा स्क्रू प्रवासी यानाला लागतो. फक्त एक स्क्रू. पृथ्वीजवळच्या कक्षेत वस्तू सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर वेगाने फिरतात. त्या वेगाने समोरून आलेला स्क्रू काय करतो ते आपण तिथे बघतो. त्या यानात युरी नावाच्या माणसाची बायको होती. युरी पुढे कचरा गोळा करणाऱ्या ‘टॉय बॉक्स’ या यानावर काम करू लागतो आणि वर्षानुवर्षं त्या अफाट पसाऱ्यात तिचं एक होकायंत्र शोधत राहतो. दहावा भाग त्याचा आहे. तो भाग पाहिलेल्या माणसाला फ्रिज बाहेर ढकलणं ही गंमत वाटूच शकत नाही, निदान मला तरी वाटेना.

एकदा हे खटकलं की मग जिथे तिथे खटकायला लागतं. बीबॉपच्या पहिल्या भागाच्या शेवटी पोलिसांच्या माऱ्यात एक यान फुटतं आणि काटेरिना लाल औषधाच्या कुप्यांच्या गर्दीत तरंगत राहते. किती सुंदर चौकट आहे ती! पण आता मला त्या कुप्या मोजाव्याशा वाटतात. प्रत्येक झटापटीत यानं फुटतात, क्षेपणास्त्रं सुटतात, गोळ्यांची टरफलं उडतात आणि पुढच्या भागात आकाश स्वच्छ. खरं म्हणजे या मालिकेला तुकड्यांचं भान नाही असंही नाही. तिच्या जगात सुमारे पन्नास वर्षांपूर्वी यानांना झटपट दूर नेणाऱ्या अवकाशद्वाराचा अपघात होऊन चंद्राचे तुकडे पडलेत, पृथ्वीवर अजून दगड कोसळतात आणि लोक जमिनीखाली राहतात. हे सगळं माहीत असलेल्या जगात कुणीच कचरा टाकताना थबकत नाही, हे मला पटायचं थांबलं.

इथे बीबॉपच्या चाहत्यांचं म्हणणं मी मान्य करतो. ती मालिका वेस्टर्न, जॅझ आणि जुन्या गुन्हेपटांच्या लयीवर चालते. तिच्याकडे कक्षेच्या गणिताचा हिशोब मागणं बहुधा अन्यायाचंच. तो फ्रिज पृथ्वीच्या कक्षेत टाकला होता असंही नाही. शिवाय भूतकाळ पाठ सोडत नाही, हेच तर बीबॉपचंही सांगणं आहे. स्पाइक, जेट, फे, तिघंही त्यातून सुटत नाहीत. फरक इतकाच, की तिथे भूतकाळ माणसांच्या मनात राहतो आणि वस्तू निघून जातात. प्लॅनेटीसमध्ये वस्तूसुद्धा जात नाहीत. कुणीतरी कधीतरी निष्काळजीपणे सोडलेलं काहीतरी फिरून परत येतं आणि ज्याचा त्यात काही संबंध नाही अशा माणसाला लागतं. मला हा विचार जास्त खरा वाटतो, आणि जास्त जबाबदारीचाही.

खरा वाटायला कारणंही आहेत. कक्षेतल्या वस्तू एकमेकींवर आदळून तुकडे होतील, त्या तुकड्यांनी आणखी टकरी होतील आणि ही साखळी थांबणार नाही, हा धोका नासाच्या डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच मांडला होता. प्लॅनेटीसच्या उत्तरार्धाचा ताण याच कल्पनेवर उभा आहे. मालिका संपून पाचएक वर्षं झाली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये सैबेरियाच्या वर ‘इरिडियम ३३’ हा चालू उपग्रह आणि ‘कॉसमॉस २२५१’ हा निकामी रशियन उपग्रह एकमेकांवर आदळलेच. आणि आपल्याकडचं सांगायचं तर २०२२ चा गुढीपाडवा आठवा. त्या संध्याकाळी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग येऊन पडली. चिनी रॉकेटचा भाग असावा, असं जाणकारांनी सांगितलं. ती बातमी वाचताना मला आठवला तो ‘टॉय बॉक्स’.

प्लॅनेटीसचा अकरावा भाग मात्र मुद्दाम वेगळा काढून सांगायला हवा, कारण दोन्ही मालिकांचे अकरावे भाग शेजारी ठेवले की माझा कल आपोआप समजतो. एल तानिका नावाच्या गरीब देशातला एक तंत्रज्ञ स्वतः बनवलेला अवकाशसूट मंजुरीसाठी घेऊन येतो. दारोदार फिरतो, कुणी दाद देत नाही. शेवटी कचरा विभागातली माणसंच त्याच्या सूटची चाचणी घ्यायला पुढे येतात. सूट उत्तम ठरतो. पण तोवर खाली त्याच्या देशात युद्ध सुरू झालेलं असतं आणि त्याच्या सगळ्या कामाला एका क्षणात अर्थ उरत नाही. वरून बघताना पृथ्वीवर सीमारेषा दिसत नाहीत, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. हा भाग ते वाक्य घेतो आणि ज्याला त्या रेषेने मारलं त्याच्यासमोर ठेवतो. त्याच्याच देशातून आलेली, वरच्या विभागात पोचलेली क्लेअर तिथे असते आणि तिचा चेहरा आपल्याला पुढच्या पंधरा भागांत सोडत नाही. मनोरंजन म्हणून बीबॉपचा अकरावा भाग सरस असेलही. मला झोप लागली नाही ती या भागानंतर.

उत्तरार्धाबद्दल थोडं सावध करतो. गुरू ग्रहाच्या मोहिमेसाठी हाचिमाकी कचरा विभाग सोडतो आणि काही काळ तो आवडेनासा होतो. दहशतवाद्यांचं कथानकही काहींना जरा टीव्हीछाप वाटेल. पण ज्या तानाबेचा मोठा आवाज सुरुवातीला कानांना त्रास देतो, तिच्या त्या ‘प्रेमा’ची मालिका शेवटी जी कठोर परीक्षा घेते, ती बघितल्यावर सुरुवातीचा आवाज तसा का ठेवला हे कळतं. ‘टॉय बॉक्स’ची कॅप्टन फी कारमायकेल हिला तर पहिल्यापासून शेवटपर्यंत मी डोक्यावर घेतलं आहे. एक निवांत सिगारेट मिळावी म्हणून ती जे काय करते, त्यासाठी बारावा भाग बघाच.

तर निवड. संगीत आणि शैली ही तुमची पहिली मागणी असेल, रोज एखादा सुटा भाग बघून झोपायचं असेल किंवा अ‍ॅनिमेची सवय नसलेल्या कुणाला सोबत बसवायचं असेल, तर बीबॉप घ्या. तिचा इंग्रजी डबही इतका चांगला जमलाय की सबटायटल वाचायचा कंटाळा असलेल्यांनी तो बिनधास्त लावावा. शोधायलाही ती सोपी आहे. पण नोकरी, नियम, थकवा आणि त्यातूनही काम नीट करायची इच्छा या गोष्टी तुम्हाला जवळच्या वाटत असतील, तर प्लॅनेटीसला संधी द्या. मात्र ती पहिल्या तीन भागांवर जोखू नका. नोनोचा सातवा आणि युरीचा दहावा भाग होईपर्यंत धीर धरा आणि मग अकरावा बघून ठरवा. क्रमाने बघा, मधूनच उचलू नका, कारण आधीच्या भागातली बारीकशी गोष्ट पुढे कुठे येऊन धडकेल याचा नेम नाही. दोन्ही बघायच्या ठरल्या तर माझं मत असं, की बीबॉप आधी बघा. प्लॅनेटीसनंतर तो फ्रिज पहिल्यासारखा बघता येत नाही, आणि पहिल्यांदा तरी तो वॉल्ट्झ तुम्ही निर्धास्तपणे ऐकावा.