चूक समोरच्याची, पण विमा कोणाचा वापरावा?

इंदूरच्या पलासिया चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या आपल्या गाडीला मागून धडक बसली, तर चूक कोणाची हे ठरायला वेळ लागत नाही. भरपाई कोणत्या विम्यातून घ्यायची, हे मात्र विचार करूनच ठरवावे लागते. धडक देणाऱ्याच्या कंपनीला फोन केला की तिचा सर्व्हेअर येऊन खर्च मंजूर करील, ही समजूत चुकीची आहे, कारण थर्ड पार्टी दावा, म्हणजे समोरच्याच्या विम्यातून भरपाईची मागणी, सहसा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढेच मांडावा लागतो.

आपल्या पॉलिसीतून दावा केल्यास गाडी कॅशलेस गॅरेजमधून काही दिवसांत दुरुस्त होऊन मिळते, पण ती फुकट मिळत नाही. गाडीला चार वर्षे पूर्ण होऊन पाचवे चालू असेल, तर धातूच्या भागांवर ३५ टक्के आणि प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापतात. म्हणजे १२,००० रुपयांचा बंपर आणि १०,००० रुपयांचे डिकीचे दार बदलले, तर अनुक्रमे ६,००० आणि ३,५०० रुपये खिशातून जातात, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते. घसारा न कापण्याचे ‘झीरो डेप’ हे जादा संरक्षण घेतलेले असेल, तर यातली केवळ वजावट उरते. खरी बोच नो क्लेम बोनसची, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची आहे, कारण चूक आपली नसतानाही तो जातो: पुढच्या नूतनीकरणाला मिळणारी ५० टक्के सवलत शून्यावर येते आणि ओन डॅमेजचा (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता १०,००० रुपये असल्यास त्याच वर्षी ५,००० रुपये जास्त भरावे लागतात.

न्यायाधिकरणाच्या मार्गात घसारा आणि बोनस आड येत नाहीत. पण पोलिसांतील नोंद, वकील आणि तारखा येतात, आणि २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत करावा लागतो. अपघात देवासजवळ झाला असला, तरी इंदूरचा रहिवासी अर्ज इंदुरात करू शकतो, ही त्यातली सोय. खासगी मोटारीच्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साधारणतः ७.५ लाखांपर्यंत संरक्षण असते. त्यापुढची रक्कम धडक देणाऱ्या गाडीच्या मालकाकडूनच वसूल करावी लागते.

माझ्या मते, केवळ पत्रा-प्लास्टिकचे नुकसान असेल तर आपलाच विमा वापरावा. कोणाला दुखापत झाली असेल किंवा आपल्याकडे फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याचेच नुकसान भरून देणारी) पॉलिसी असेल, तर न्यायाधिकरणाला पर्याय नाही. दोन्ही मार्ग जोडताही येतात: दुरुस्ती आपल्या विम्यातून करून घ्यावी आणि आपल्या कंपनीने न दिलेली रक्कम न्यायाधिकरणापुढे मागावी, मात्र तोच खर्च दोनदा मागता येत नाही.

राहता राहिले, “भिया, यहीं निपटा लो” म्हणत पुढे केलेले रोख पैसे. लहानशा ओरखड्यासाठी ते घ्यायला हरकत नाही, परंतु आपल्या विम्यातून दावा करायचा असेल, तर ‘आता काही मागणे नाही’ अशा मजकुरावर सही करू नये, कारण धडक देणाऱ्याकडून वसुली करण्याचा आपल्या कंपनीचा हक्क त्यामुळे बुडतो आणि मग ती दाव्यालाच हरकत घेऊ शकते.