कार्टूनमधून घरगुती इंग्रजी: आठ महिन्यांचा अनुभव

माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि गेली अठरा वर्षे मी फोर्टमधील एका कार्यालयात हिशेबाचे काम पाहतो, त्यामुळे 'रिकन्सिलिएशन' आणि 'आउटस्टँडिंग' हे शब्द मला झोपेतही सुचतात; पण मुलीचा दात हलतो आहे हे पालकसभेत बाईंना सांगायची वेळ आली, तेव्हा मी 'हर टूथ इज शेकिंग' असे म्हणालो आणि माझा मीच ओशाळलो. सांडणे, खरचटणे, गुदगुल्या करणे, उचकी लागणे या रोजच्या गोष्टींचे इंग्रजी माझ्याकडे नव्हतेच. म्हणून गेल्या जूनपासून मी पाच वर्षांच्या मुलीशेजारी बसून इंग्रजी कार्टून पाहू लागलो. भाषा मात्र आवर्जून इंग्रजी निवडावी लागते, कारण आपल्याकडे टीव्हीवर बरीचशी कार्टून हिंदीतच लागतात.

सुरुवात 'पेपा पिग'पासून केली. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या मालिकेचा एक भाग जेमतेम पाच मिनिटांचा असतो, निवेदक सावकाश बोलतो आणि वस्तू पडद्यावर दिसते त्याच वेळी तिचा शब्द कानावर पडतो, शिवाय तोच शब्द भागात पुन्हा पुन्हा येत राहतो. इंग्रजी ब्रिटिश असल्याचाही फायदा झाला, कारण टॉर्च, पेट्रोल, बिस्कीट हे आपल्या तोंडचेच शब्द तिथेही तसेच भेटतात. पेपाचा जीव की प्राण म्हणजे 'मडी पडल्स', अर्थात चिखलाची डबकी. मुंबईत दर पावसाळ्यात महापालिका लेप्टो या तापाच्या भीतीने साचलेल्या पाण्यातून चालू नका म्हणून सांगते, त्यामुळे हा शब्द शिकताना प्रात्यक्षिक टाळावे लागले आणि त्यावरून घरात रडारड झाली.

माझी पद्धत साधी आहे. एक भाग आधी नुसता पाहायचा, मग इंग्रजी सबटायटल्स लावून पाहायचा आणि तिसऱ्यांदा थांबवत थांबवत वाक्ये मोठ्याने म्हणायची. आपोआप उमटणाऱ्या सबटायटल्समध्ये चुका असतात, त्यांवर विसंबू नये. मुलुंडहून सकाळच्या लोकलने जाताना हेडफोन लावले की घाटकोपरपर्यंत दोन भाग निवांत होतात, मात्र गर्दीत मोठ्याने म्हणण्याची सोय नसते, आणि न म्हटलेले शब्द माझ्या तरी जिभेवर बसले नाहीत. कान तयार झाला, पण बोलणे त्या मानाने फार मागे राहिले. वहीत सुमारे ३४० शब्द जमले असले, तरी तोंडात पटकन येणारे निम्मेही नसतील.

दिवाळीनंतर 'ब्लूई' लावले. २०१८ साली सुरू झालेली ही मालिका ऑस्ट्रेलियाची, भाग सात मिनिटांचा आणि बोलणे बरेच वेगवान. ते समजायला मला महिना लागला. पण त्यातला सगळा खेळ खोट्या खोट्या भूमिकांचा असल्यामुळे, आपण ज्याला नुसते 'खोटं खोटं' म्हणतो त्याला 'प्रिटेंड' म्हणतात आणि 'आता तुझं राज्य'साठी 'इट्स युअर टर्न' चालते, हे मला इथे कळले. शब्दकोशात 'राज्य' शोधून हे हाती लागले नसते.

तक्रारीही आहेत. 'जंपर' म्हणजे स्वेटर, हा शब्द मुंबईत वापरायचा कधी? पेपा बापाला येता-जाता 'सिली डॅडी' म्हणते. आमच्या कन्येने ते उचलून थेट आजोबांवर वापरले आणि दोन दिवस घरातील वातावरण तंग होते. सर्वांत मोठी उणीव मात्र स्वयंपाकघराची आहे. पॅनकेक आणि स्पॅगेटी मुबलक, पण फोडणी, करपणे, कुकरची शिट्टी यांचे नाव नाही. वहीतले ते पान अजून अर्धे कोरे आहे, आणि 'दूध उतू गेले' हे इंग्रजीत कसे सांगावे, ते मला शेवटी पुढच्या पालकसभेत बाईंनाच विचारावे लागले. त्याच सभेत मी दुसरा दात 'वॉबली' झाल्याचे मात्र न अडखळता सांगितले.