नसलेलं बटण: शंभर सीसीवर साडेअकरा हजार किलोमीटर

मोटरसायकलची बॅटरी बसली, म्हणून लिहायला बसलो. गाडीचं नाव सांगत नाही. शोरूम जवळपास एकच आहे आणि सर्व्हिसिंगला पुन्हा तिथंच तोंड दाखवायचं आहे. १०० सीसी, चार गिअर, आठेक हॉर्सपॉवर. ज्याला समजायचं त्याला समजलं.

पाडव्याला घेतली. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावच्या पलीकडल्या खेड्यातून कळंबला रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर होतात. अॅव्हरेज ६५ ते ७० पडतो. सीट बरी आहे, किक लागत नाही, पंक्चरशिवाय रस्त्यात कधी थांबवलं नाही. एवढं पुरे, बाकी सगळे सांगतातच.

माझं दुखणं एकच: पासिंगचं, म्हणजे तर्जनीनं दाबून दिवा क्षणभर चमकवायचं, बटण नाही. ३,००० रुपये वाचवायला खालचं मॉडेल घेतलं, आणि त्यात कंपनीनं नेमकं हेच काढून टाकलं. २०१७ पासून दुचाकीचा दिवा कायम चालूच असतो, त्यामुळे दिवसा दिवा चमकवून कोणाला इशारा द्यायचा तर अंगठ्यानं झोताचं बटण वरखाली करत बसायचं. आणि हॉर्न? तोही त्याच अंगठ्याखाली! म्हणजे एसटीच्या बाजूला निघालो की एक तर डिपर, म्हणजे दिव्याचा इशारा, नाही तर हॉर्न. तर्जनी बिचारी रिकामी बसलेली. डिझाइन करणाऱ्यानं कधी कापसाच्या दिवसात या रस्त्यावर गाडी चालवून पाहिली असती तर हे केलं नसतं.

मग वरच्या मॉडेलचा स्विच आणला. ४५० चा स्विच, १०० रुपये बसवणावळ. गावच्या मिस्त्रीनं एक वायर कापून जोडली. दोन दिवस मी रस्त्याचा राजा होतो. दिसला ट्रॅक्टर की मार डिपर. ट्रॅक्टर काही हलेना. मिस्त्रीला म्हटलं, स्विच लागत नाही वाटते. तो म्हणाला, "भाऊ, डिपर कोनाले मारून राह्यले तुमी? त्याले आरसाच नाही."

खरं होतं. आरसा नाही, आणि असला तरी ट्रॉलीत डोक्याच्या वर कापूस भरलेला, वर टेपवर गाणी. मागच्याचा इशारा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तेव्हापासून बटणाबद्दल माझं मत थोडं उतरलं. समोरून येणाऱ्यासाठी ते कामाचं आहे, पुढे चाललेल्यासाठी नाही.

मग एक दिवस हिशेब मांडला. एसटी ६० ने चालली आहे, आपण ७० ने. फरक ताशी १०, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. एसटी ११-१२ मीटर लांब, मागचं-पुढचं अंतर धरून ५० मीटर कापायचे. १८ सेकंद लागले. तेवढ्यात आपण साडेतीनशे मीटर गेलो, आणि समोरून कोणी ७० ने येत असेल तर तोही साडेतीनशे आला. ७०० मीटर मोकळा रस्ता पाहिजे. कळंब-राळेगाव रस्त्यावर तो दिसतो कुठं? वळण नाही तर बाभळी, नाही तर रस्त्यावर बसलेली गाय. ट्रॅक्टर २० ने चालला असेल आणि आपण ५० ने, तर पाच सेकंदांत सुटतो. म्हणून आता एसटीच्या मागं मी मुकाट्यानं राहतो. ती पुढच्या थांब्यावर थांबतेच.

बायकोला हे पटत नाही. मागं बसून, मांडीवर तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन म्हणते, "काहून जी, येवढं मांगं मांगं राह्यता? बैलबंडी बरी याच्यापेक्षा." तिचं वजन अधिक डाळ, आणि १०० सीसी. मी काही बोलत नाही.

एसटीला ओव्हरटेक करायचीच झाली तर एक गोष्ट मला चार महिन्यांनी कळली. अगदी मागं चिकटून राहिलं की गाडीत खूप दम आहे असं वाटतं, कारण वारा एसटी फोडते. बाहेर निघालो की तोच वारा छातीवर आपटतो आणि काटा पाच-सातनं खाली येतो. निम्म्यात पोचलो, गाडी ओढत नाही, समोर ट्रक. म्हणून आता मागं चांगलं अंतर ठेवतो. रस्ता मोकळा दिसला की टाच दाबून तिसरा गिअर टाकतो, मागच्या मागंच वेग धरतो आणि मगच बाहेर निघतो. समोर कोणी दिसलं तर परत शिरायला जागा असते. तिसऱ्यात गाडी ६० च्या थोडी वर जाते, मग किंचाळते. किंचाळू द्या, पाच-दहा सेकंदांत इंजिन फुटत नाही. चौथ्यात पीळ देऊन पाहणारे मी लय पाहिले.

ट्रकचा उजवा इंडिकेटर मात्र अजून समजला नाही. कोणी वळतो म्हणून देतो, कोणी "समोरून येऊन राह्यला, थांब" म्हणून, आणि कोणी "जा" म्हणून. मी तिन्हीचा अर्थ थांब असाच घेतो. कापसाच्या जिनिंगच्या फाटकाच्या किंवा शेताकडं जाणाऱ्या पांदणीच्या अलीकडे तर ट्रॅक्टरला हातच लावत नाही. इंडिकेटर न देता उजवीकडे वळणं हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे. दिवाळीनंतर एकदा मी बाजूला निघालो आणि तो पांदणीत वळला. पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना २०१९ पासून तशी सोय द्यावीच लागते, त्यामुळे गाडी सरळ थांबली. नाही तर कापसात शिरलो असतो, मऊ असला तरी.

आता बॅटरी. शोरूमवाल्यानं वायर पाहिली आणि म्हणाला, बाहेरचा हात लागला, वॉरंटी संपली. अडीच तास भांडलो. पासिंगच्या बटणाचा बॅटरीच्या सेलशी काय संबंध, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. १,१५० मोजून नवीन घेतली.

४५० अधिक १०० अधिक १,१५०, झाले १,७००. वाचवले होते ३,०००. म्हणजे मी अजून १,३०० नं वर आहे. बायको म्हणते त्यात अडीच तासांची मजुरी धर.