पायाच्या नसांसाठी काय घ्यावं: क्रेप पट्टी, स्टॉकिंग की वेल्क्रोचा रॅप?

जळगावच्या सराफ बाजारात दिवसभर काउंटरमागे उभा राहणारा सेल्समन घ्या, रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारा मजूर घ्या, नाहीतर फळ्यासमोर तासांमागून तास घेणाऱ्या बाई. संध्याकाळी पाय जड, पोटरीवर निळ्या नसा, घोट्याजवळ बोट दाबलं की खड्डा. डॉक्टर ‘स्टॉकिंग वापरा’, म्हणजे पायाला दाब देणारे घट्ट लवचिक मोजे घाला, म्हणतात आणि पुढचं सगळं मेडिकलवर दोन मिनिटांत उरकतं. महागाची जोडी मग कपाटात पडून राहते. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आपल्या उन्हाळ्यात रोज अंगावर राहील तेच घ्या.

क्रेप पट्टी स्वस्त आणि कुठेही मिळते. पाय मुरगळला तर उत्तम. रोजच्या नसांच्या त्रासाला मात्र मी ती सुचवणार नाही. दाब बांधणाऱ्याच्या हातावर ठरतो आणि काही तासांत पट्टी सैल पडते. वर घट्ट नि खाली सैल बांधली गेली तर सूज उलट वाढते.

स्टॉकिंगमध्ये दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर कमी होत जातो, त्यामुळे रक्त वर चढायला मदत होते. हा दाब बीपीसारखाच मिमी पाऱ्यात मोजतात. नुसता थकवा, लांबचा प्रवास किंवा हलकी सूज असेल तर १५–२० पुरतो. फुगलेल्या नसा आणि रोजची सूज यांसाठी बहुधा २०–३० देतात. त्यावरचा दाब डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नकोच. ‘क्लास २’ एवढंच वाचून घेऊ नका. जर्मन मानकात त्याचा अर्थ २३–३२, ब्रिटिश मानकात १८–२४. पाकिटावरचा आकडा बघा. ऑपरेशननंतर दवाखान्यातून मिळालेले पांढरे मोजे पलंगावर पडून असलेल्या रुग्णासाठी असतात. ते चढवून शेतात हिंडण्यात अर्थ नाही.

मांडीपर्यंतचं की गुडघ्याखालचं? बहुतेकांना गुडघ्याखालचं पुरतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा मांडीवरचं घामाने घसरतं, गुंडाळी होऊन गुडघ्यामागे दोरीसारखं आवळतं. खाली मांडी घालून जेवायला बसणाऱ्याला तर ते नकोसं होतं. गुडघ्याखालचं घेतलं तरी काठ लवणीच्या दोन बोटं खाली हवा. बोटं उघडी असलेला प्रकार मला जास्त पटतो: अंगठ्याची चप्पल घालता येते, घाम साचत नाही आणि बोटांचा रंग दिसत राहतो. कापूस वेचायला जाणाऱ्यांनी वरून सैल पायजमा घालावा, वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी धागे निघतात.

माप सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत घ्या: घोट्याच्या वर सर्वांत बारीक जागी, पोटरीच्या सर्वांत जाड जागी आणि जमिनीपासून गुडघ्याखालपर्यंत. बुटाच्या नंबरावरून साइज देणारं दुकान सोडा. घालताना टाचेपर्यंत आतली बाजू बाहेर काढा, पाऊल बसवा, मग रबरी हातमोजे घालून तळव्याने थोडं थोडं वर सरकवा. काठ धरून ओढायचं नाही, चुणी ठेवायची नाही. रात्री काढून ठेवा, साध्या साबणाने धुवा, न पिळता सावलीत वाळवा. रोज वापरात साधारण सहा महिन्यांत ताण जातो.

कंबर वाकत नाही, बोटांत जोर नाही, अशा आजी-आजोबांना वेल्क्रोचा रॅप घ्या, म्हणजे पायाभोवती गुंडाळून चिकटपट्ट्यांनी आवळायचं जाड कापड. सूज उतरली की घट्ट करता येतो, दाब जास्त वाटला तर पट्टे सैल करता येतात. दिसायला जाड, पण लुगड्या-धोतराखाली लपतो.

हत्तीपाय किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सुजलेला हात, ही गोष्ट वेगळी. तिथे तयार ‘मीडियम’ चालत नाही. जाणकार थेरपिस्टकडून पट्ट्या बांधून आधी सूज उतरवतात, मग मापाचं सपाट विणीचं, वळ्यांत न रुतणारं वस्त्र शिवून घेतात.

डायबेटिसमुळे पाय बधिर असेल, पाऊल गार पडत असेल किंवा थोडं चाललं की पोटरी धरत असेल, तर काहीही चढवण्याआधी पायाचा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, करून घ्या. धमन्याच अरुंद असतील तर हाच दाब पायाचं नुकसान करतो. आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर मेडिकलवर न जाता सरळ दवाखाना गाठा. आत रक्ताची गुठळी असू शकते.