एक किल्ली सांगलीत, एक मिरजेत : युबिकी वापरल्यानंतर

मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या काही पेढ्यांचे हिशेब आणि सर्व्हर मी सांभाळतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर युबिकी ५ च्या, म्हणजे खात्यांत लॉगिन करताना संगणकाला लावायच्या छोट्या सुरक्षा-किल्लीच्या, दोन किल्ल्या घेतल्या. खिशाला चटका बसतोच, पण एकच घेणार असाल तर घेऊच नका.

लॉगिनबद्दल तक्रार नाही. किल्ली यूएसबीत घालायची, पिन टाकायचा, सोनेरी चकतीला बोट लावायचं. खासगी की (डिजिटल सही करणारा गुप्त आकडा) किल्लीबाहेर पडत नाही, साइटकडे फक्त सार्वजनिक की (ती सही तपासणारा जोडीचा आकडा) असते, आणि सही त्याच साइटच्या पत्त्यापुरती चालते. त्यामुळे हुबेहूब नकली पानावर ती बधत नाही. ओटीपी माणूस फोनवर कुणालाही वाचून दाखवतो. इथे वाचून दाखवायला काही नसतंच. (माझी बँक मात्र अजून एसएमएसवरच अडून आहे.) घेताना फर्मवेअर (किल्लीतलं सॉफ्टवेअर) बघा: ५.७ च्या आधी २५ पासकी (पासवर्डऐवजी चालणाऱ्या लॉगिनच्या नोंदी) मावतात, त्यापुढे १००, आणि ते नंतर बदलता येत नाही.

खरं काम दुसऱ्या किल्लीचं. हिची नक्कल निघत नाही, प्रत्येक खात्यात दोन्ही वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतात. मी राहतो गावभागात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ला, २०२१ला पाणी कुठवर आलं ते सांगलीकराला सांगायला नको. दोन्ही एकाच कपाटात ठेवण्यात काय अर्थ? म्हणून दुसरी मिरजेला ताईकडे.

पण नवं खातं उघडलं की ती हातात असल्याशिवाय नोंदवता येत नाही. मग वहीत ‘मिरज बाकी’ असा रकाना केला. सणावाराला गेलो की बाकी फेडायची. तोवर रिकव्हरी कोड (किल्ली नसताना खातं उघडायचे आकडे) कागदावर, पासबुकांच्या पिशवीत. पाणी चढलं की घरातून पहिली निघते ती हीच पिशवी.

एसएसएचचं, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या पद्धतीचं, मात्र सुख आहे. त्यासाठीच्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरच्या ८.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ही किल्ली चालते. मिरजेतल्या किल्लीची सार्वजनिक की एकदा माझ्याकडे फाइलमध्ये आली, आता नव्या सर्व्हरवर ती एक ओळ चिकटवली की झालं. किल्ली जागची हलत नाही.

पिन लागोपाठ आठदा चुकला तर किल्लीतला फिडोचा, म्हणजे या लॉगिनचा, भाग बंद पडतो. मग रीसेट, म्हणजे सगळ्या नोंदी गेल्या. हे ताईच्या पोरांना आधीच बजावलंय. आणि खात्यांमध्ये किल्ल्यांना ‘सांगली’, ‘मिरज’ अशी नावं द्या. एक हरवली तर नेमकी कुठली काढून टाकायची, ते घाईत शोधत बसावं लागत नाही.