ग्रेट सर्कल मॅपर : अंतराला पक्कं, वेळेला कच्चं

दोन विमानतळांमधलं अंतर काढायला ग्रेट सर्कल मॅपरइतकी भरवशाची फुकट वेबसाइट सापडणं कठीण. उड्डाणाच्या वेळेसाठी मात्र तिच्यावर विसंबून कनेक्टिंग फ्लाइट बुक करू नका.

बॅगेच्या टॅगवर असतो तो तीन अक्षरी कोड टाकायचा, मध्ये आडवी रेघ, मग दुसरा कोड. वाटेत थांबा असेल तर तिसराही त्याच ओळीत. स्वल्पविराम दिला की वेगळा मार्ग सुरू होतो. कोड नीट बघून टाका : एसजेसी म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, एसजेओ म्हणजे कोस्टा रिकातलं. एककही तपासा. नॉटिकल मैल १.८५२ किमीचा, साधा मैल १.६०९ किमीचा, गल्लत झाली की हिशेब १५ टक्के चुकलाच.

न्यूयॉर्कच्या जेएफकेहून लंडनच्या हीथ्रोला टाकलं की ३,४५१ मैल येतात, म्हणजे ५,५५४ किमी. पृथ्वी चेंडूसारखी गोल धरणारी इतर कॅल्क्युलेटर ५,५४० किमीच्या आसपास सांगतात. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, ते इथे हिशेबात धरलंय. १४ किमीने प्रवाशाला काही फरक पडत नाही, पण साधन कसं बनवलंय ते यातून कळतं.

आता वेळ. इथे वेग आपणच भरायचा आणि तो जमिनीच्या सापेक्ष. वारा त्यात आपोआप येत नाही, आणि गोची तिथेच आहे. हवेतला वेग ताशी ९०० किमी धरला तर वारा नसताना ६ तास १० मिनिटं. पश्चिमेकडून ताशी १०० किमी वारा असेल तर लंडनला जाताना ५ तास ३३ मिनिटं, परतताना ६ तास ५७. जाताना ३७ मिनिटं वाचली, येताना ४७ गेली. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून फिटंफाट होत नाही. अटलांटिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून वाहणारा वेगवान वारा, बऱ्याचदा याहून जोरात असतो आणि त्यानुसार तिथले हवाई मार्ग दिवसातून दोनदा नव्याने आखले जातात. नकाशावरची सुबक कमान म्हणजे कमीत कमी अंतर, विमानाची खरी वाट नव्हे.

कमी अंतराला तर आकडा फसवाच. ५०० किमीला ताशी ८०० वेग भरला की ३७ मिनिटं दिसतात. पण चढायला वीसेक मिनिटं, उतरायला तेवढीच, वर धावपट्टीपर्यंतची रांग. तिकिटावर तासाहून जास्तच असतं, कारण तिथली वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते.

तिकिटावरून पडताळताना स्थानिक वेळांची सरळ वजाबाकी करू नका. जेएफकेहून संध्याकाळी ७, हीथ्रोला सकाळी ७ : घड्याळ १२ तास म्हणतं, प्रवास ७ तासांचा. दोन्ही शहरांच्या घड्याळांतला फरक एरवी ५ तासांचा. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर तो ४ वर येतो, कारण दोन्ही देश घड्याळं एकाच दिवशी बदलत नाहीत.

जाता जाता : विमानतळाभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळही काढता येतं. एखादं विमान तिथून कुठवर पोहोचेल ते बघायला झकास, फक्त राखीव इंधनाचं अंतर आधी वजा करा.