मोफत पाय तपासणी आणि आमचे साडेतेरा हजार

सिंहगड रोडला आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात क्लबहाऊसमध्ये "मोफत पाय तपासणी" होती, आणि फुकट म्हटलं की आपण जातोच, मीही ५ वर्षांच्या लेकीला घेऊन गेले. एका प्लेटवर उभं केलं, लॅपटॉपवर पाय लाल-पिवळे दिसायला लागले. पांढऱ्या कोटातला मुलगा (डॉक्टर आहे का हे विचारलंच नाही, माझीच चूक) म्हणाला, "ताई, दोघींनाही ओव्हरप्रोनेशन आहे, घोटे आत कलतायत, आत्ता लक्ष नाही दिलं तर पुढे गुडघे जाणार." मला पर्वती चढून आलं की घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतं, त्यामुळे लगेच पटलं.

मग हाताची टेस्ट. हात बाजूला धरायला लावला, वरून दाबला, मी कलंडले. मग त्यांच्या इनसोलवर (बुटात घालायची गादी, तेच विकायला आले होते) उभी राहिले, परत दाबला तर ढिम्म हलले नाही! बायका टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. खरी गंमत नंतर कळली, पहिल्यांदा तो हात अंगापासून बाहेर ओढत दाबतो आणि दुसऱ्यांदा अंगाकडे. घरी नवऱ्यावर करून बघितलं, अनवाणी, बिनइनसोलचं, सेम रिझल्ट.

माझे साडेसात, लेकीचे सहा हजार, "स्कॅनवरून कस्टम", म्हणजे खास आमच्याच पायांच्या मापाचे. दहा दिवसांनी आले, शेजारच्या वहिनींच्या मुलाचेही आले, एकावर एक ठेवले तर उंचवटासुद्धा तंतोतंत तोच. कडेचं कापड उचकटलं तर खाली साच्यातच आलेला साइझचा आकडा. कस्टम म्हणे! लेकीच्या पायाला फोड आला तो वेगळाच.

मग गेलो ऑर्थोपेडिककडे, जे आधी करायला हवं होतं. त्यांनी लेकीला फक्त चवड्यावर उभं केलं, तळव्याची कमान लगेच दिसली. म्हणाले लहान मुलांचे तळवे सपाटच असतात, कमान हळूहळू तयार होते, दुखत नसेल तर काहीच लागत नाही, आणि इनसोल घालून कमान येत नाही. एकच पाय सपाट असेल, पाऊल ताठ असेल, मूल लंगडत असेल किंवा दुखतंय म्हणत असेल तर मात्र दाखवायचं. लाल रंगाचं विचारलं तर हसले, तिथे वजन जास्त पडतंय एवढाच त्याचा अर्थ. मला एका पायावर टाच उचलायला लावली, तिथेच कळ आली, आतल्या बाजूचा टेंडन (स्नायू हाडाला बांधणारा दोर) दुखावलाय म्हणे. पोटरीचं स्ट्रेचिंग, टाचा उचलायचा व्यायाम, टाचेमागची बाजू टणक असलेले बूट, आणि आधार हवाच असेल तर रेडीमेड इनसोल पुरे.

पैसे परत मागितले तर उत्तर, "कस्टम आयटमला रिफंड नसतो." बिल दिलेलं नाही, यूपीआय कुणाच्या तरी पर्सनल नावावर गेलंय. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केलीये, स्क्रीनशॉट आणि ते उचकटलेले इनसोल जपून ठेवलेत. काल धायरीच्या बहिणीने त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा बॅनर पाठवला, तोच फोटो, तोच मुलगा, फक्त रविवार पुढचा.